मुलाखत नावाचं दार : गिरणीच्या साचाखात्यापासून सॉफ्टवेअर इंटर्नशिपपर्यंत



जुलै-ऑगस्ट उजाडला की इंजिनिअरिंग कॉलेजांत तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. मोठ्या टेक कंपन्या पुढच्या उन्हाळ्यासाठी इंटर्न निवडायला येतात. आधी बायोडेटा, मग ऑनलाइन कोडिंग चाचणी, मग एक-दोन तांत्रिक मुलाखती आणि शेवटी एचआरची फेरी. काम दोन-तीन महिन्यांचंच असतं. पण ते नीट केलं तर पदवी हातात येण्याआधीच नोकरीचा प्रस्ताव मिळतो. त्याला पीपीओ म्हणतात. म्हणजे वरवर ही उन्हाळ्यातली उमेदवारी दिसते, प्रत्यक्षात ते कायमच्या नोकरीचं दार आहे. त्या दारातून जो विसाव्या वर्षी आत जातो, त्याच्या पुढच्या पिढीचा पत्ता बदलतो.

या दाराबद्दल आपल्या वस्त्यांत दोन मतं ऐकू येतात. पहिलं मत प्रस्थापितांचं, पण आपल्यातल्याही काहींनी ते उचललेलं आहे : "कंपनीला जात कळत नाही, तिला फक्त कोड कळतो. मेरिट असेल तर कोणी अडवत नाही." दुसरं मत वैतागातून आलेलं : "सगळं आधीच ठरलेलं असतं, आपल्या पोरांनी तिथे जाऊन वेळ घालवू नये." मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात. नव्या यंत्राच्या दाराशी आपला समाज पहिल्यांदा उभा राहिलेला नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत तो अनेक दारांशी उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी दार कसं बंद झालं आणि कसं उघडलं याचा इतिहास आहे. तो वाचला की आजच्या मुलाखतीत नेमकं काय चालतं ते समजतं.

काम तेच, कसोटी बदलली

सुरुवात लष्करापासून करू. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार पिढ्यान्‌पिढ्या लढले. भीमा कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. तरीही १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. त्यांनी लढाईत कुठे पाठ दाखवली होती का? नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी दरम्यान 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धांत स्वीकारला होता. लायकीची व्याख्याच बदलली, आणि कालपर्यंत लायक असलेला शिपाई एका हुकुमाने नालायक ठरला. गोपाळबाबा वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या त्या याच काळात.

हा पहिला धडा लक्षात ठेवा. कामाचा दर्जा आणि पगार वाढला की बऱ्याचदा निवडीची कसोटीही बदलते, आणि ती कोणाच्या सोयीने बदलते हे बघावं लागतं.

संगणकाच्या इतिहासातही हेच घडलं. १९४५-४६ साली अमेरिकेत एनिॲक हा सुरुवातीचा मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार झाला, तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा जणी होत्या. त्या काळी प्रोग्रॅमिंग हे कारकुनी स्वरूपाचं, बायकांनी करायचं काम समजलं जाई. पुढे या कामाला पैसा आणि प्रतिष्ठा आली. १९५० च्या दशकात आयबीएमने प्रोग्रॅमर निवडण्यासाठी अभियोग्यता चाचणी आणली. तिच्यात अंकमालिका, आकृत्यांमधलं साम्य आणि गणिती कोडी असत. १९६० च्या दशकात तर चांगल्या प्रोग्रॅमरचा स्वभाव कसा असतो याचेही मापदंड निघाले. माणसांपेक्षा कोड्यांत रमणारा एकलकोंडा पुरुष हे चित्र तिथून पक्कं झालं. ज्या कामाची सुरुवात स्त्रियांनी केली, त्या कामाला स्त्रियांची बुद्धी पुरत नाही असं लोक बोलू लागले. काम तेच होतं, चाळणी बदलली होती.

साचाखातं आणि मुकादम

आता मुंबईच्या गिरण्यांकडे या. गिरणी हे त्या काळचं नवं तंत्रज्ञान होतं. खेड्यातली बलुतेदारी, येसकरकी सोडून आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना गिरणीत काम मिळालं, पण सगळ्या खात्यांत मिळालं नाही. जास्त मजुरी देणारं विणकामाचं खातं, म्हणजे साचाखातं, अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय? धोट्यातला धागा संपला की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून कमी मजुरीच्या कताईच्या कामात अस्पृश्य, आणि साच्यावर सवर्ण. यंत्र इंग्लंडहून आलं होतं. त्या यंत्राला विटाळ माहीत नव्हता, तो त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांना माहीत होता.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. कामगार सगळे एक आहेत म्हणता, मग साचाखातं आमच्यासाठी का उघडत नाही, हा त्यांचा सवाल होता.

दुसरी गोष्ट भरतीची. गिरणीत माणूस घ्यायचा तो मुकादम, म्हणजे जॉबर. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस आणायचा. त्याची भलामण असेल तर काम, नसेल तर सकाळी दारावर बदली म्हणून ताटकळत उभं राहायचं. मुकादम जात विचारायचा नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती, कारण तो ओळखीच्यांनाच आणत होता.

आज मोठ्या टेक कंपन्यांत याच पद्धतीला रेफरल म्हणतात. कंपनीत आधीच काम करणारा माणूस ओळखीच्या मुलाचं नाव पुढे करतो. हजारो अर्जांच्या ढिगात रेफरलवाला बायोडेटा माणसाच्या नजरेखाली जाण्याची शक्यता वाढते. यात कोणी जातीयवादी असण्याची गरज नाही. ज्या घरात चुलतभाऊ, मामेबहीण, शेजारचा दादा आधीच कंपनीत आहे, त्या घरातल्या मुलीला रेफरल एका फोनवर मिळतो. ज्या घरातली ती पहिली पदवीधर आहे, तिने फोन कोणाला करायचा? मुकादमाची जागा लिंक्डइनने घेतली, पण ओळखीची वाट अजून जुन्याच वाड्यांतून जाते.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत ही मांडणी त्यांनी तिथेच केली, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातला एक बारकावा आपण विसरतो. अस्पृश्याला रेल्वेत पोर्टर का करत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो, आणि अस्पृश्य पोर्टर त्याच्या घरात चालत नाही. म्हणजे पोर्टरच्या कामाची जी लेखी लायकी होती, तिच्यात हा माणूस बसत होता. तो बसत नव्हता तो न लिहिलेल्या लायकीत. आज एचआरच्या फेरीत 'कल्चर फिट' हा शब्द ऐकला की मला मनमाडचा पोर्टर आठवतो.

१९४२ चं निवेदन आणि शिकाऊ उमेदवार

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले ते १९४२ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं सविस्तर निवेदन दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने वाचावा. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाज वर येणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं, त्यासाठी देशात आणि परदेशात शिकायला सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, असं त्यांनी मांडलं. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथे आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावं, अशीही मागणी त्यांनी केली.

यातला विचार फार दूरचा आहे. पदवी कागदावर मिळते, कसब कारखान्यात मिळतं. यंत्राजवळ उभं राहून, चुका करत, जुन्या कारागिराचं बघत माणूस तयार होतो. त्या जागेवर प्रवेश नसेल तर पदवी अर्धीच राहते. आजच्या भाषेत बाबासाहेब १९४२ साली इंटर्नशिप मागत होते.

स्वातंत्र्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आला. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-क घातलं गेलं आणि शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आलं. २००७ च्या दुरुस्तीने इतर मागासवर्गीयांचाही समावेश झाला. हा कायदा खाजगी मालकालाही लागू आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही असं आपण सरसकट म्हणतो, पण शिकाऊ उमेदवारीच्या टप्प्यावर ते कायद्याच्या पुस्तकात पन्नास वर्षांपासून आहे. ३० किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असा नियमही आहे.

मग सॉफ्टवेअर कंपनीच्या इंटर्नशिपला हे आरक्षण का लागत नाही? कारण तिथल्या मुलाला 'शिकाऊ उमेदवार' म्हणत नाहीत. त्याच्याशी त्या कायद्याखालचा करार होत नाही. तो 'इंटर्न' असतो. काम शिकण्याचं, मुदत ठरलेली, वर विद्यावेतन, पुढे नोकरीची आशा, सगळं उमेदवारीसारखंच. फक्त नाव बदललं, आणि नावाबरोबर प्रतिनिधित्वाचा हक्क गळून पडला. आपल्या चळवळीने या एका शब्दाकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं अजून दिलेलं नाही.

कोड्यांची परंपरा कुठून आली?

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत कोडी घालण्याची रीत सिलिकॉन व्हॅलीइतकीच जुनी आहे. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांपैकी एक विल्यम शॉकली. त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा काढली. नोकरीला येणाऱ्यांना ते कोडी घालत आणि हातात घड्याळ धरून वेळ मोजत. हेच शॉकली पुढे काळ्या लोकांची बुद्धी जन्मतः कमी असते असा प्रचार करत देशभर फिरले, आणि कमी बुद्ध्यांकाच्या लोकांना पैसे देऊन त्यांची नसबंदी करावी असा प्रस्ताव त्यांनी मांडला. बुद्धी मोजण्याचा अट्टहास आणि माणसांची उतरंड लावण्याचा अट्टहास एकाच डोक्यात कसे नांदतात, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही. आपल्याला ते ओळखीचं वाटेल, कारण मनूनेही जन्मावरूनच बुद्धीचं माप काढलं होतं.

१९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींतली कोडी गाजली. रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण गोल का असतं, हा त्यातला प्रसिद्ध प्रश्न. मग गूगलनेही तीच वाट धरली. २०१३ मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी जाहीरपणे कबूल केलं की अशा कोड्यांवरून पुढच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान तेवढं मिळतं. एवढी वर्षं त्या कोड्यांवर किती जणांना घरी पाठवलं असेल?

कोडी मागे पडली, त्यांच्या जागी डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचे प्रश्न आले. फळ्यावर किंवा स्क्रीनवर, मुलाखतकाराच्या डोळ्यांदेखत, तोंडाने विचार बोलत, ४५ मिनिटांत कोड लिहायचा. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी मुलाखतकारासमोर बोलत-बोलत प्रश्न सोडवला, काहींनी तोच प्रश्न बंद खोलीत एकट्याने. समोर कोणी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. मुलाखतकारासमोर बसलेली एकही मुलगी यशस्वी झाली नाही, एकट्या बसलेल्या सगळ्या झाल्या. प्रयोग लहान होता, पण प्रश्न मोठा आहे : ही मुलाखत कोडिंग मोजते की कोणाच्या तरी नजरेखाली न घाबरणं मोजते?

आपल्या मुलांच्या बाबतीत तो अधिकच टोकाचा होतो. आमच्या अभ्यासिकेतली मुलं गणित सोडवतात, पण सोडवताना बोलत नाहीत. बोलणार कशी? शाळेत बारा वर्षं 'गप्प बस' हेच ऐकलेलं असतं. ज्या घरात जेवताना बाप मुलाला "तुला काय वाटतं?" असं विचारतो, तिथे मोठ्याने विचार करण्याची सवय फुकट लागते. आमच्याकडे ती वीस वर्षांचं झाल्यावर, तीही इंग्रजीत, शिकावी लागते. मुलाखतकार त्या शांततेवर शेरा मारतो : 'कम्युनिकेशन स्किल कमी.'

आकडे काय सांगतात

"ही सगळी तुमची कल्पना" म्हणणाऱ्यांसाठी पुरावे आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनावं वेगळी. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावणं येण्याचं गुणोत्तर ०.६७ निघालं, आणि मुस्लिम नावाचं ०.३३. हा फरक मुलाखतीच्या आधीचा आहे. माणूस दिसलेलाही नव्हता.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या २५ कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून लिहिलं. सगळे मेरिटची भाषा बोलत होते, आणि बहुतेक सगळे उमेदवाराला त्याची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारत होते. वडील काय करतात, घर कुठे आहे, भावंडं काय शिकली. जात न विचारता जातीचं उत्तर मिळवण्याची ही रीत आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न १९८० मध्येच आला होता. अजय हसिया खटला श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा. लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी मुलाखतीला ५०. तक्रार अशी की मुलाखत दोन-तीन मिनिटांची झाली आणि प्रश्न आईवडील व राहण्याच्या ठिकाणाचे विचारले, विषयाचे नाही. तोंडी परीक्षेला एक तृतीयांश वजन देणं मनमानी आहे, १५ टक्क्यांहून जास्त देऊ नये, असं पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही सूचना केली. पुढे २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. म्हणजे मुलाखतीत माणसाची मर्जी शिरते हे या देशाच्या न्यायालयाने आणि सरकारनेही मान्य केलं आहे. मान्य नाही ते फक्त खाजगी कंपन्यांना.

दाराच्या आत गेल्यावरही प्रश्न संपत नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क यंत्रणेने सिस्को कंपनीवर दावा केला. दलित अभियंत्याला भारतीय सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली असा आरोप होता, कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरचा वैयक्तिक दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा पुढे चालू राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी त्यावर नकाराधिकार वापरला. जिथे आपल्याकडची मुलं जातात तिथे आपल्याकडची जातही व्हिसा काढून पोहोचली आहे.

मग करायचं काय?

या इतिहासातून एक सूत्र निघतं. जिथे दाराचा नियम लेखी, उघडा आणि सगळ्यांना सारखा होता, तिथे आपण आत गेलो. जिथे दार मुकादमाच्या, स्टेशनमास्तरच्या, मुलाखतकाराच्या मर्जीवर होतं, तिथे अडलो. म्हणून परीक्षा आपली शत्रू नाही. नाव न बघता तपासलेली ऑनलाइन कोडिंग चाचणी ही तर आपली मैत्रीण आहे. आपला झगडा आहे तो नियम नसलेल्या जागेशी.

म्हणून चळवळीने मागायला हवं ते हे : सगळ्या उमेदवारांना सारखे प्रश्न आणि आधी जाहीर केलेली गुणदानाची पद्धत. पहिल्या चाळणीत नाव आणि आडनाव झाकणं. घर, वडिलांचा व्यवसाय, प्रवेशाचा प्रवर्ग आणि जेईईचा क्रमांक यांवर प्रश्नबंदी. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांनी एकमेकांना क्रमांक आणि प्रवर्ग विचारू नये अशी सूचना काढली. जे विद्यार्थ्याला लागू, ते कॅम्पसवर येणाऱ्या कंपनीला का नको? आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : इंटर्नशिपला शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या कक्षेत आणा, म्हणजे कलम ३-क आपोआप लागू होईल. ही मागणी नवी नाही, १९४२ च्या निवेदनाचाच तो पुढचा भाग आहे.

पण मागणी मान्य होईपर्यंत पोरांनी हातावर हात ठेवून बसायचं का? साचाखातं बंद होतं म्हणून आपले लोक गिरणी सोडून गेले नाहीत. त्यांनी आतून धडका दिल्या. प्रत्येक अभ्यासिकेत, प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ सराव-मुलाखतीची ठेवा. एकाने फळ्यावर लिहायचं, बाकीच्यांनी बघायचं आणि प्रश्न विचारायचे. आधी मराठीत बोला, मग इंग्रजीत. बघणाऱ्या नजरेची भीती चौथ्या-पाचव्या वेळी ओसरू लागते. आणि जे आपले भाऊ-बहिणी हिंजवडीत, बंगळुरूत, सिएटलमध्ये पोहोचले आहेत, त्यांना एकच विनंती. जयंतीला वर्गणी देता, ते चांगलंच आहे. यंदा वर्गणीबरोबर दोन रेफरल आणि चार रविवारचे दोन-दोन तास द्या. मुकादमाने आपल्या माणसांसाठी दार उघडलं ते जात राखण्यासाठी. आपण उघडायचं ते जात मोडण्यासाठी.

नाकारल्याचा ईमेल आलेल्या मुलाला किंवा मुलीला शेवटचं सांगायचं आहे. तो ईमेल तुझ्या बुद्धीचं प्रमाणपत्र नाही. १८९२ चा हुकूम आपल्या शौर्याचं प्रमाणपत्र नव्हता, तसाच हाही नाही. काय चुकलं ते लिहून काढ, सुधार, पुन्हा अर्ज कर. आणि ज्या दिवशी त्या टेबलाच्या पलीकडे मुलाखत घ्यायला बसशील, त्या दिवशी समोरच्या गप्प बसलेल्या पोराला घाईने शेरा मारू नकोस. त्याला विचार, "तुला काय वाटतं?"

जय भीम! नमो बुद्धाय!